सशाचे अकस्मात आजारपण

घरात पाळलेला ससा दगावला म्हणजे त्या घरातील मंडळींच्या तोंडून बहुधा एकच उद्गार ऐकू येतो: 'काल रात्रीपर्यंत चांगला खेळत होता हो, सकाळी पाहतो तो सगळे संपलेले!' या उद्गारात शोक जितका असतो तितकाच अविश्वासही असतो. आणि चार दिवस उलटले, की त्या अविश्वासाची जागा पश्चात्ताप घेतो, आपले काय चुकले, कोणती खूण आपण पाहिली नाही, थोडे आधी दवाखान्यात नेले असते तर, अशी उलटतपासणी मनात अहोरात्र सुरू होते. या उलटतपासणीला खरे उत्तर द्यावयाचे, तर सशाचा देह कसा चालतो आणि कसा थांबतो, याची हकीकत प्रथम नीट समजावून घेतली पाहिजे. सशाचे आजारपण पुष्कळदा वाटते तितके अचानक आलेले नसते. ते आपल्या दृष्टीस मात्र अचानक पडते. हा भेद ध्यानात आला म्हणजे काही मृत्यू टाळता येतात, आणि जे टळले नाहीत त्यांचा सगळा दोष स्वतःच्या माथी घेण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे पाळला जाणारा पांढरा, करडा किंवा काळा ससा मूळचा या देशाचा नव्हे. स्पेन आणि पोर्तुगाल ज्या द्वीपकल्पावर वसले आहेत, तेथे बिळे खणून कळपाने राहणाऱ्या सशाचा तो वंशज आहे. आपल्या माळरानावर किंवा ज्वारीच्या शेताच्या बांधावर दिसणारा रानससा निराळ्या प्रजातीचा. तो बीळ करीत नाही, एकटा राहतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण असल्यामुळे त्याचे पिल्लू शेतात सापडले म्हणून घरी आणून पाळण्याची मुभा कोणालाही नाही. तथापि दोघांच्याही नशिबी एक गोष्ट सारखीच आली आहे: कोल्हा, रानमांजर, गरुड, घुबड अशा अनेक शत्रूंचे ते भक्ष्य आहेत. जो ससा लंगडताना किंवा मान टाकताना दिसतो, त्याच्यावरच शिकाऱ्याची नजर पहिल्याने जाते. त्यामुळे दुखणे अंगावर काढावे पण बाहेर दिसू देऊ नये, हा स्वभाव असंख्य पिढ्यांच्या निवडीने या जातीच्या रक्तात उतरला आहे. कुत्रा दुखावला तर विव्हळतो, जवळ येऊन पाय पुढे करतो. ससा मात्र कोपऱ्यात अधिक शांत बसतो, आणि त्या शांतपणाला आपण त्याचा सालसपणा समजतो. दिवाणखान्यात त्याचा शत्रू कोणी नाही, हे आपल्याला ठाऊक असते; त्याच्या देहाला त्याची खबर नसते.

या देहातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत नाजूक खाते म्हणजे पोट. गाईच्या पोटात गवत आंबविण्याचे काम आरंभीच्याच कप्प्यात होते. सशामध्ये ते शेवटाकडे, लहान आणि मोठे आतडे जेथे जुळतात तेथे असलेल्या अंधांत्र नावाच्या पिशवीत होते. माणसामध्ये हा भाग इवलासा असतो, पण सशामध्ये तो जठराहून कितीतरी पटींनी मोठा असून उदरपोकळीचा फार मोठा हिस्सा व्यापतो. तेथे वस्तीला असलेले कोट्यवधी सूक्ष्म जीव गवतातील तंतुमय अंशापासून पोषक द्रव्ये निर्माण करतात, आणि त्यांनी सिद्ध केलेला मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या लहानशा घोसासारखा पुंजका ससा मान वळवून थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. नवख्या माणसाला हे किळसवाणे वाटते. परंतु प्रथिने आणि 'ब' गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा त्याला याच मार्गाने मिळतो. आपण झाडून काढतो त्या कोरड्या गोल लेंड्या निराळ्या, आणि निरोगी ससा त्या दिवसाकाठी शेकड्यांनी टाकतो.

या रचनेची एक कठोर अट अशी, की ती अखंड चालू राहिली पाहिजे. कुत्रे एखादा दिवस उपाशी राहिले तर त्याचे फारसे बिघडत नाही. सशाचे आतडे मात्र लांब धाग्याच्या गवताने सतत पुढे ढकलले जावे लागते. शिवाय जठराच्या मुखाशी असलेला स्नायू इतका बळकट असतो, की सशाला उलटी करता येत नाही. पोटात जे शिरले त्याला पुढे जाण्यावाचून वाट नाही. आता कोणत्याही कारणाने, मग ते दाताचे दुखणे असो, उष्मा असो वा नुसती भीती असो, सशाने खाणे कमी केले, की आतड्याची गती मंदावते. गती मंदावली की आतील ऐवजातले पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो. अंधांत्रातील सूक्ष्म जीवांचा समतोल ढळून वायू साठतो. वायूने पोट फुगून वेदना होतात, आणि वेदनेने उरलेसुरले खाणेही थांबते. दरम्यान उपाशी देह साठविलेली चरबी मोकळी करू लागतो, ती यकृतात साचते, आणि यकृताचे काम बिघडते. हे चक्र एकदा फिरू लागले म्हणजे आपोआप थांबत नाही. सशाने १२ तास काही खाल्ले नाही, किंवा तितक्या वेळात एकही लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट न पाहता वैद्याकडे जावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने. रात्री १० ला निजताना ससा ठीक होता आणि सकाळी ७ ला अत्यवस्थ आढळला, तर मधल्या ९ तासांत वर सांगितलेल्या घडामोडींतील कितीतरी मजल मारली गेलेली असते.

खुणा नसतात असे नाही. त्या बारीक असतात. भाजी निवडताना पदराशी लुडबुडणारा, कोथिंबिरीची काडी दिसताच मागल्या पायांवर उभा राहणारा ससा त्या संध्याकाळी काडी हुंगतो आणि तोंड बाजूला करतो. किंवा काडी तोंडात घेतो, दोनदा चावतो आणि टाकून देतो. अंग आखडून, पाठीला पोक काढून, डोळे अर्धवट मिटून बसतो. बसल्या जागी पोट फरशीला टेकवितो, पुन्हा उठून जागा बदलतो. आदल्या दिवसाच्या लेंड्या पाहाव्यात, तर त्या नेहमीपेक्षा लहान, वेड्यावाकड्या, क्वचित केसांनी एकमेकींत ओवल्यासारख्या असतात. दात वाजविण्याचेही दोन प्रकार आहेत: कपाळ खाजविले असता समाधानाने होणारी बारीक कुरकुर, आणि वेदनेने करकरा दात खाण्याचा मोठा आवाज, ज्याने पहिला ऐकला आहे त्याला दुसरा ओळखता येतो. निरोगी सशाचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे माणसापेक्षा बरेच अधिक असते. म्हणून त्याचे कान हाताला गार लागणे ही थंडीच्या दिवसांवाचून चांगली खूण नव्हे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा वजन करून ते कॅलेंडरवर टिपून ठेवण्याची सवय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण डोळ्याला न दिसणारी झीज तो आकडा आधी दाखवितो.

कारणांपैकी दातांचे कारण प्रथम सांगितले पाहिजे. सशाचे पुढचे आणि दाढांचे सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात; पुढचे दात तर वर्षाला १०-१२ सेंटिमीटर इतके. गवत रवंथ केल्यासारखे तासन् तास चघळल्याने ते झिजतात आणि हिशेब जुळतो. त्याऐवजी पोळी, ब्रेड, बिस्किटे, भात असे मऊ अन्न मिळाले, की दाढांना सुळक्यांसारखी टोके येऊन जीभ आणि गाल सोलवटतात. आणि ही टोके तोंडात इतकी आत असतात, की घरच्या माणसाला ती दिसणे अशक्यच. गाजराचेही तसेच. चित्रांच्या पुस्तकांनी ससा आणि गाजर यांची सांगड घातली खरी, पण गाजर हा साखरेचा पदार्थ असून तो प्रसंगोपात्त एखाद्या चकतीइतकाच द्यावयाचा असतो. सशाचे खरे अन्न सुके गवत, आणि त्याच्या जोडीला दूर्वा, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. बाजारात पिंजऱ्यांतून विकली जाणारी पिल्ले आईपासून फार लवकर तोडलेली असतात. त्यांच्या आतड्यातील सूक्ष्म जीवांची वस्ती अजून स्थिर झालेली नसते, आणि घरी आणल्यापासून पहिल्या पंधरवड्यात ती पुष्कळदा दगावतात. अशा मृत्यूचे मूळ ते पिल्लू घरात येण्यापूर्वीच पडलेले असते.

उष्म्याची गोष्ट महाराष्ट्रात विशेष सांगावी लागते. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे ते लांब, रक्तवाहिन्यांनी भरलेले कान. हवा ३० अंशांच्या वर गेली की तो मार्ग अपुरा पडू लागतो, आणि नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. गच्चीतला किंवा पत्र्याखालचा पिंजरा अशा दुपारी प्राणघातक ठरतो. ससा अंग टाकून धापा टाकीत असेल, तर त्याला सावलीत आणून कान साध्या पाण्याने ओले करावेत, वारा घालावा आणि लगोलग दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, तो धक्का त्याला सोसत नाही. दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने घाबरून खाणे सोडलेल्या सशाची कैफियतही याच मालिकेतली. भीतीने त्याने मागल्या पायांची जोराची लाथ मारली, तर त्याच्याच बळकट स्नायूंच्या झटक्याने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडे हलकी असतात.

औषधांच्या बाबतीत एक खबरदारी मी आग्रहाने सांगेन. मुलांच्या खोकल्यासाठी घरात आणून ठेवलेले अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिल्यास अंधांत्रातील उपकारक जीव मरून विषारी जंतू माजतात, आणि त्यातच तो दगावू शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेला लावण्याचे फिप्रोनिल नावाचे औषधही सशाला विषासारखे बाधते. दोन्ही औषधे दुकानात सहज मिळतात, आणि देणाऱ्याची बुद्धी निर्मळ असते. काही रोग तर घरच्या दक्षतेला दाद देत नाहीत. १९८४ साली चीनमध्ये प्रथम नोंदली गेलेली सशांची रक्तस्रावी साथ अशीच होती: संध्याकाळी खाणारा ससा सकाळी मेलेला आढळे, आणि बाहेर चिन्ह म्हणून काही नसे. याच विषाणूचा दुसरा प्रकार २०१० साली फ्रान्समध्ये दिसला व तेथून इतर देशांत पसरला.

दवाखान्यात काय होते, हेही माहीत असावे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि नागपूर, शिरवळ येथेही अशी महाविद्यालये आहेत. पण गावोगावच्या वैद्यांचा बहुतेक अनुभव गुरांचा आणि कुत्र्यामांजरांचा असतो, म्हणून 'डॉक्टर, आपण ससे पाहता का?' हा प्रश्न ससा निरोगी असतानाच विचारून त्यांचा पत्ता हाताशी ठेवावा. जाताना टोपलीवर कापड टाकून अंधार करावा. डॉक्टर हलक्या बोटांनी पोट चाचपतात: आतील ऐवज कणकेसारखा मऊ आहे, की पोट ताठर आणि फुगलेले आहे, यावर पुढची तजवीज अवलंबून असते. आतड्याची नुसती गती मंदावली असेल, तर त्वचेखालून द्रव, वेदनाशामक, आणि सुईविना सिरिंजने थोडे थोडे पातळ अन्न असा इलाज चालतो; पण आत अडथळा असेल, तर तोंडाने घातलेला एक घासही घातक ठरतो, म्हणून फुगलेल्या पोटाच्या सशाला घरी बळजबरीने भरवू नये. या सगळ्यानंतरही काही ससे वाचत नाहीत. कधी वेदना अपार आणि आशा शून्य अशी स्थिती येऊन डॉक्टर दयामरणाचा पर्याय पुढे ठेवतात. तेव्हा आधी भूल आणि मग शेवटचे इंजेक्शन, असा क्रम आहे का, हे विचारण्यास संकोचू नये, आणि धीर असेल तर त्याच्या कपाळावर हात ठेवून तेथे थांबावे.

या विषयावरील एक जुना आणि प्रांजळ दाखला इंग्रज कवी विल्यम कूपर याचा आहे. ऑल्नी या गावी, मनाच्या गंभीर आजारातून सावरत असताना, १७७४ साली त्याने तीन रानसशांची पिल्ले पाळली आणि पुढे १७८४ मध्ये एका मासिकात त्यांची हकीकत लिहिली. त्यांपैकी पस एकदा तीन दिवस आजारी पडला, तेव्हा कूपरने त्याला इतरांपासून वेगळे ठेवले, नाना प्रकारचा पाला त्याच्यापुढे धरून पाहिला आणि त्याला बरे केले. बरा झाल्यावर त्या सशाने आपला सगळा हात चाटून काढला, असे तो लिहितो. बेस मात्र वयात येताच गेला, आणि त्याचे कारण कूपरने आडपडदा न ठेवता नोंदविले आहे: धुतलेली पेटी पुरती वाळण्यापूर्वीच त्याला तिच्यात ठेवले होते. टायनी आठ वर्षांवर जगला, आणि पस १७८६ मध्ये जवळजवळ बारा वर्षांचा होऊन निव्वळ म्हातारपणाने गेला. एकाच माणसाच्या एकाच घरातले हे तीन ससे. काळजीत भेद नव्हता, तरी एक ओल्या पेटीने गेला आणि एक बारा वर्षे जगला.

स्वतःला दोष देणाऱ्या माणसाने हा दाखला मनात ठेवावा. निष्काळजीपणा आणि अज्ञान या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि अज्ञान तरी कसले, तर जी खूण प्राण्याने सर्व शक्तीने लपविली तिचे. आज आपल्याला जे ठाऊक आहे ते काल ठाऊक असायला हवे होते, असा निवाडा मन देते, पण तो अन्यायाचा आहे. मरणाचे कारण नक्की कळावे असे वाटत असेल, तर शवविच्छेदनाची सोय पशुवैद्यक महाविद्यालयात होऊ शकते. त्यासाठी शव गोठवू नये, नुसते थंड ठेवून त्याच दिवशी रवाना करावे. मला ही गोष्ट करण्याजोगी वाटते. कित्येकांच्या मनातील उलटतपासणी शवविच्छेदनाच्या अहवालाने मिटते, आणि घरात दुसरा ससा असेल तर त्याच्या दृष्टीने ते आवश्यकच असते.

या शोकाची आणखी एक अडचण सामाजिक आहे. माणूस गेला म्हणजे शेजारीपाजारी येतात, कचेरीत रजा मिळते, दहावे-तेरावे यांच्या वाटेने दुःखाला काही एक क्रम लागतो. ससा गेला तर 'एवढे काय, दुसरा आणा' याच्या पलीकडे कोणी काही बोलत नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून रुजूच करून घेत नाही, त्याचा विचार अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली एका ग्रंथातून मांडला, आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचा शोक आज त्याच वर्गात गणला जातो. असे दुःख लपवावे लागते म्हणूनच ते लांबते. ज्या प्राण्याच्या खाण्यापिण्याच्या वेळांवर आपली सकाळ-संध्याकाळ बांधली गेली होती, तो गेल्यावर रडू येणे यात लाजण्यासारखे यत्किंचितही नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते मोकळेपणाने येऊ दिले तर मुलांनाही ते कळते. मुलांशी खरे बोलावे. 'झोपला आहे' असे सांगितले, तर लहान मूल स्वतः झोपायला भिते. 'रानात सोडून आलो' असे सांगितले, तर ते दिवसेंदिवस त्याच्या परतण्याची वाट पाहते. 'देवाघरी गेला' म्हणावयाचे तर म्हणावे, पण त्याचे शरीर आता थांबले आहे, त्याला दुखत नाही आणि तो परत येणार नाही, हेही सोबत सांगावे. आणि रातोरात तसाच दुसरा ससा आणून ठेवू नये, कारण मुलाच्या ते कधी ना कधी लक्षात येते.

घरात जोडीचा ससा मागे राहिला असेल, तर लक्ष ताबडतोब त्याच्याकडे वळले पाहिजे. ससे जोडीदाराशी फार घट्ट बांधलेले असतात. मृत सशाचा देह त्याच्याजवळ काही वेळ ठेवावा, संसर्गाचा संशय नसेल तर. तो हुंगतो, चाटतो, कधी नाकाने ढोसतो, आणि मग आपण होऊन दूर होतो. असे करू दिलेला ससा जोडीदाराला घरभर शोधीत हिंडत नाही, असा पुष्कळ पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तरीही पुढचे काही दिवस त्याचे खाणे आणि लेंड्या डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात, कारण दुःखाने खाणे सोडले तर वर सांगितलेले चक्र त्याच्याही पोटात सुरू होते. देह पुरावयाचा असल्यास विहिरीपासून दूर, कुत्र्यांनी उकरू नये इतका, म्हणजे तीन-चार फूट खोल पुरावा. शहरात जागा नसेल तर महानगरपालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे चौकशी करावी. पिंजरा, भांडी, पाण्याची बाटली निर्जंतुक करून उन्हात वाळवावी.

पुढे नवा ससा आणावयाचा की नाही, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. फक्त उरलेल्या सशाच्या एकटेपणाकडे पाहून घाई होते, ती टाळावी. आणावयाचाच झाला तर तो निदान आठ आठवड्यांचा असावा, आधी काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवून तपासून घ्यावा, आणि दोघांची गाठ दोघांपैकी कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत घालावी. मादी असेल तर तिची नसबंदी वेळेवर करून घ्यावी. न केलेल्या माद्यांना चार वर्षांच्या पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण फार मोठे असते, आणि तोही, या जातीच्या रीतीप्रमाणे, उशिरापर्यंत दिसत नाही.